घरगाडीचं दार

दार उघडलं तेव्हा आवाज झाला नाही, हेच पुंडलिकरावांना सगळ्यात जास्त लागलं. खटका तुटला असता, बिजागरी निखळली असती, तर खाडकन काहीतरी वाजलं असतं आणि निदान दोष द्यायला जागा मिळाली असती. पण कारंज्याच्या अलीकडे, हायवे सोडून ढाब्याच्या बाजूला गाडी वळवताना, एका गतिरोधकावर घरगाडीचं, म्हणजे घर केलेल्या जुन्या मिनीबसचं, दार आपल्या मर्जीनं, अगदी सावकाश उघडलं. आणि पाण्याची बाटली घ्यायला उठलेल्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई त्या मोकळ्या चौकटीत एका पायावर आल्या. डोक्यावरचा दांडा हाताला लागला म्हणून त्या आत राहिल्या. बहिणीसाठी केलेल्या जवसाच्या चटणीचा डबा मात्र बाहेर पडला आणि गरगरत एका उभ्या ट्रकखाली गेला. ट्रकवाला वरून ओरडला, "काकाजी, दरवाजा तो बंद करो!" पुंडलिकरावांनी गाडी थांबवून मागे पाहिलं. प्रमिलाबाई बाकावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पुंडलिकराव खाली उतरले, दार ओढून घेतलं, आतून सुतळीनं बांधलं. सुतळीची गाठ मारताना त्यांचे कान तापले होते. आर्वी डेपोच्या वर्कशॉपमध्ये उभी नोकरी ज्यानं एसटीची दारं बसवण्यात घालवली, त्याला भर रस्त्यात दार लावायला सांगणारा माणूस भेटला होता, आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता.

कारंज्याला सुमित्राबाईंकडे, म्हणजे बहिणीकडे, प्रमिलाबाई जेवल्या, हसल्या, लग्नकार्याच्या गोष्टी केल्या. दाराविषयी चकार शब्द काढला नाही. निघायच्या वेळी पिशवी हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "मी यष्टीनं येतो. तुमी या मांगून." आणि खरोखरच त्या एसटीत बसल्या. मग पुंडलिकराव रिकामी घरगाडी घेऊन त्या लाल गाडीच्या मागे निघाले. पुढे काढायला हरकत नव्हती, रस्ता मोकळा होता, पण त्यांनी काढली नाही. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ती एसटी थांबली, माणसं चढली-उतरली, कंडक्टरनं दार ओढलं आणि ते लागलं. दर वेळी लागलं. पुंडलिकरावांनी काच खाली करून ठेवली होती, त्यांना तो आवाज ऐकायचा होता. दार लागल्याचा आवाज त्यांना माणसाच्या आवाजासारखा ओळखू यायचा. वर्कशॉपात असताना दार बसवून झालं की पत्र्याच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ते लोखंडी पंच ठोकून आपल्या नावाचा 'पुं' उमटवत. साहेबांना ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर खपलंही नसतं. जिल्हाभर त्यांचा 'पुं' फिरला होता, देवळीला, पुलगावला, तळेगावच्या घाटात. त्यातल्या बहुतेक गाड्या आता भंगारात गेल्या असतील. पण चाकांवर होत्या तोवर त्यातल्या एकाही दारानं बाईमाणसाला रस्त्यावर काढलं नव्हतं, एवढं ते छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

आणि घरी, बोरगाव मेघेच्या अंगणात, बदामाच्या झाडाखालच्या नेहमीच्या जागी गाडी उभी करून त्यांनी सुतळी सोडली, दार लोटलं, तर ते एका बोटानं लागलं. त्यांनी उघडलं, पुन्हा लोटलं. पुन्हा लागलं. फट सगळीकडून सारखी, खटक्याची जीभ खाचेत बरोबर. पुंडलिकरावांना त्या दाराच्या कानफटात द्यावीशी वाटली. प्रमिलाबाई कणीक मळायला परात घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच पाहिलं आणि दाराविषयीचं पहिलं वाक्य बोलल्या. "तुमचं दार घरी लागते, रस्त्यावर नाई. मले तं रस्त्यावर जायचं हाये." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आता ते पक्कं लागल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवत नाई. मंग तुमी तिले ठेवा का मोडीत घाला."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर पुंडलिकरावांनी मनावर घेतलं नसतं. रागाला ते जुमानत नसत. पण त्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा म्हणाल्या, म्हणजे ते कायमचं होतं. गाडी तर त्यांच्यासाठीच होती. एका शाळेची चाळीसेक वर्षांची म्हातारी मिनीबस त्यांनी लिलावात घेतली तेव्हा गल्लीत हसायला निमित्त झालं होतं. आत त्यांनी झोपायचा बाक केला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याची टाकी चढवली, भिंतीला घडीचं टेबल लावलं. शेजारचे भैय्याजी रोज सकाळी ब्रश तोंडात धरून विचारायचे, "घर हाये, मोटरसायकल हाये, घराले चाकं काऊन लावून राह्यले, पुंडलिकराव?" त्यांना त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. उत्तर फार जुनं होतं. लग्नाच्या नव्या नवलाईत प्रमिला माहेराहून एकटी एसटीनं आर्वीला येत होती. खिडकीची जागा मिळाली होती. वाटेत कुणी एक चढला, शेजारी बसला, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, वस्ती कुठली ते विचारलं, आणि सगळं कळल्यावर म्हणाला, ऊठ तिथून. ती उठली. आर्वीपर्यंत दांडा धरून उभी राहिली. ही गोष्ट तिनं आयुष्यात एकदाच, तांदूळ निवडता निवडता, खडा बाजूला टाकावा तशी सांगितली होती, आणि पुन्हा कधी काढली नव्हती. पुंडलिकराव ती विसरले नव्हते. मुलगा राकेश शिकून नोकरीला लागला, घर झालं, बुद्धविहाराच्या बांधकामाला हातभार लागला, सगळं झालं. पण आपल्या बायकोला एक अशी खिडकी द्यायची राहिली होती की जिथून तिला जगात कोणी ऊठ म्हणणार नाही. घरगाडीची सगळ्यात मोठी काच त्यांनी तिच्या बाकाशेजारी बसवली होती. पडदे तिनं शिवले होते, पिवळ्या फुलांचे. आता ती तिथं बसणार नसेल तर बाकी सगळा पत्राच होता.

त्यानंतर ते दाराच्या मागेच लागले. सकाळी चहा झाला की कानस, पाना, ग्रीसचा डबा घेऊन अंगणात. बिजागऱ्यांच्या खिळ्या बदलल्या. खटक्याची स्प्रिंग नवी घातली. खाचेची पट्टी थोडी घासली, वॉशर टाकून बाहेर आणली, पुन्हा घासली. दार अंगणात दर वेळी झकास लागायचं. मग ते गाडी काढून आर्वी नाक्यापर्यंत जायचे, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गतिरोधकावर जीभ खाचेतून निसटायची. परत यावं, घासावं, लावून पाहावं, खूश व्हावं, बाहेर जावं आणि तोंड पाडून परत यावं. नागपूरहून राकेशचा फोन आला. "बाबा, मी गॅरेजवाला पाठवतो ना. एका दिवसाचं काम आहे." पुंडलिकराव म्हणाले, "माह्या दाराले दुसऱ्याचा हात लागणार नाई." राकेश हसला आणि आईला फोन द्या म्हणाला. आतून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "राहू दे रे बाप्पा. त्यायले करू दे." या 'करू दे'चा अर्थ लावण्यात त्यांची एक दुपार गेली. त्यात दया होती की भरवसा, हे त्यांना कळेना; दया असेल तर ती सहन होणार नव्हती.

दार आपटायचं नसतं, लावायचं असतं, हे त्यांना वर्कशॉपमधल्या किसनरावांनी शिकवलं होतं. किसनराव म्हणजे जुने फिटर, विडी कानावर, बोलणं थोडं. नव्या पोरानं दार बसवलं की ते यायचे, फक्त एक बोट लावायचे. दार त्या बोटानं लागलं तर पुढे निघून जायचे, नाही लागलं तर सगळे बोल्ट ढिले करून ठेवायचे. कितीतरी वेळा ढिले बोल्ट पाहून पुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ज्या दिवशी किसनराव बोट लावून पुढे निघून गेले, त्या दिवशी तो सायकलवरून घरी गेला तो गाणं म्हणत. वर्कशॉप म्हटलं की त्यांना अजून ती जमीन आठवायची. सिमेंटची, गुळगुळीत, तेलानं काळी पडलेली, इकडून तिकडे सरळ. ज्या पोराचं बालपण दुसऱ्याच्या वावरात काळ्या मातीत गेलं त्याला त्या जमिनीचं किती अप्रूप! पावसाळ्यात ती माती चप्पल ओढून घ्यायची, पाय काढला की पोटरीपर्यंत मोजा घातल्यासारखी यायची. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या आणि त्या भेगांत बैलाचा पाय अडकायचा. त्याचे वडील, कवडू, त्याच मातीत दुसऱ्यांसाठी राबून म्हातारे झाले. पोराला आयटीआयला घातलं तेव्हा त्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, की पक्क्या जमिनीवर उभं राहाजो. तो नोकरीला लागल्यावर ते एकदा वर्कशॉप पाहायला आले. दारातच चपला काढल्या. फोरमन चांगला माणूस होता, म्हणाला, "बाबा, चपला राहू द्या, लोखंडाचा कीस पडलाय, टोचेल." "टोचू द्या," कवडू म्हणाले. "हिथं पाय तं फसत नाई." आणि ते त्या शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाच दाबत दाबत चालत गेले आणि तसेच परत आले. बरोबरच्या पोरांना वाटलं पुंडलिकला लाज वाटत असेल. त्याला लाज वाटली नाही. तो बापाच्या मागे मागे, बूट वाजवत चालत राहिला.

दाराचं असं चाललेलं असताना एक दिवस भैय्याजी फाटकाशी येऊन म्हणाले, "लागलं का दार? का आता कुलूपच लावता?" पुंडलिकराव घरगाडीत चढले आणि घडीच्या टेबलाशी जाऊन बसले. दुपारचं ऊन होतं. आश्विन लागला होता, पाऊस गेला होता, पण अंगणात सावलीला अजून ओल होती. प्रमिलाबाईंनी खिडकीतून चहा दिला. गाडीत पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही, हात मात्र आत आला. पुंडलिकरावांनी चहा बशीत ओतला. ओतला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. बशीत चहा मधोमध नव्हता. एका कडेला जमून सांडायला आला होता, दुसऱ्या कडेची नक्षीची फुलं कोरडी होती. टेबल तिरपं बसलंय, असं त्यांच्या मनात आलं आणि हात सवयीनं पान्याकडे गेला. मग तो हात तसाच थांबला. टेबल त्यांनी स्वतः लावलं होतं. गाडी तेव्हा गल्लीपलीकडच्या एका दुकानापुढे सपाट फरशीवर उभी होती, आणि टेबल तिरपं लावणारा माणूस ते नव्हते. आपण तिरपं लावलेलं नाही, हे त्यांना आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं, आणि खरं तर हा गर्वच त्यांना वाटेवर घेऊन आला. टेबल सरळ असेल तर तिरपी गाडी आहे. ते खाली उतरले. का कोण जाणे, चपला वरच राहिल्या. मागच्या डाव्या चाकाशी गेले, जिथं मोरीचं पाणी झिरपत येतं, आणि तिथं त्यांची टाच हळूच खाली गेली. माती बोटांमधून वर आली. किती वर्षांनी! पुंडलिकराव एक पाय मातीत घालून उभे राहिले आणि त्यांना हसू फुटलं.

सगळं इतकं सोपं होतं की ओरडून सांगावं. आयुष्यभर त्यांनी सिमेंटवर उभी असलेली दारं बसवली होती. खालची जमीन कशी आहे हा प्रश्नच त्या शेडमध्ये पडत नसे, म्हणून तो त्यांना इथंही पडला नाही. पावसाळाभर गाडीचं एक चाक या मातीत उतरत गेलं, म्हाताऱ्या सांगाड्याला पीळ बसला, दाराची चौकट तिरकी झाली. आणि दार अडायला लागलं तसतसं त्यांनी ते त्या तिरक्या चौकटीला इमानेइतबारे जुळवून दिलं, कारंज्याला जायच्या आधीही आणि नंतरही. अंगणात ते लागणारच. रस्त्यावर गेली की गाडी आपली सरळ व्हायची, चौकट सरळ व्हायची, आणि तिरकं दार उघडायचं. इकडची माणसं घराच्या दारांचं तेच करतात. पावसाळ्यात माती फुगली की दार अडतं, मग त्यावर रंधा मारायचा. उन्हाळ्यात माती बसली की फट पडते, मग पट्टी ठोकायची. घर जागचं हलत नाही म्हणून ते चालून जातं. त्यांनी गाडीला घर म्हणता म्हणता तिच्या दारालाही घराचं दार करून टाकलं होतं. त्यांना कवडूंची टाच आठवली. बाबा त्या शेडमध्ये टाच दाबत गेले ते कौतुकानं, असं आजवर त्यांना वाटत होतं. आज वाटलं, ते जमीन तपासत होते. पोरगा उभा राहणार आहे ती जागा त्यांनी कडेपासून कडेपर्यंत तपासून पाहिली होती, आणि मगच चपला घातल्या होत्या. पुंडलिकराव मोरीपाशी जाऊन पाय धुवायला लागले.

मग त्यांनी घरगाडी अंगणातून बाहेर काढली आणि गल्लीच्या सिमेंट रस्त्यावर, भर मध्ये, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. इतके दिवस ते झाडाआड काम करत होते. आता लपण्यासारखं काही उरलं नव्हतं. भैय्याजींनी खुर्चीच बाहेर आणली. पुंडलिकरावांनी सपाटी दाखवणारी पाणसळ ठेवून चारी बाजू पाहिल्या. मग सगळे बोल्ट, एकूण एक, ढिले केले. ढिले करताना त्यांना किसनरावांच्या कानावरची विडी दिसली आणि वाईट वाटलं नाही. घासून घासून संपवलेली पट्टी त्यांनी काढून टाकली, जाड पोलादाची नवी कापली, खाच कोरली, कडा गुळगुळीत केल्या. कानशीचा आवाज बारीक होत गेला तसतशी गल्लीतली बोलणी थांबत गेली. दार चढवलं, चौकटीशी डोळा लावून फट पाहिली, बोल्ट एकेक करून आवळले. आणि बोट लावलं. दार लागल्याचा आवाज झाला तो भैय्याजींनासुद्धा कळला. "हे बेस झालं," ते म्हणाले. पुंडलिकराव एकटेच गाडी घेऊन आर्वी नाक्याच्या पलीकडे गेले, वाटेतला एकही गतिरोधक सोडला नाही, काही तर परत वळून दुसऱ्यांदा घेतले. दार हललं नाही. परत आल्यावर त्यांनी गाडी अंगणात घेतली, सवयीच्या जागी, आणि दार उघडून लोटलं. ते लागेना. अर्धं बोटभर बाहेरच राहिलं. पुंडलिकरावांना इतका आनंद झाला की ते ओट्याकडे पाहून जवळजवळ ओरडले, "प्रमिला, आता हे घरी लागत नाई पाहा!" प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या उठल्या, दाराजवळ आल्या, त्या फटीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, नवऱ्याच्या पायाच्या नखांत राहिलेल्या चिखलाकडे पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. "घरी काऊन लागाले पाह्यजे?" त्या म्हणाल्या. "घरी घराचं दार हाये. काढा गाडी रस्त्यावर."

गाडी पुन्हा सिमेंटच्या रस्त्यावर आली. गल्लीतल्या बायका कठड्यांवर टेकल्या होत्या, भैय्याजींची खुर्ची होतीच. प्रमिलाबाई लुगडं सावरून, दांडा धरून वर चढल्या. दार त्यांनी स्वतः ओढलं, आपटलं नाही, ते लागलं. पुंडलिकराव बाहेरच उभे होते. त्यांना वाटलं, आता ती जाऊन खिडकीशी बसेल. पण ती बसली नाही. काचेतून तिचा चेहरा एकदा दिसला, मग तिनं वळून दाराकडे पाठ केली. पुंडलिकरावांना कळलं ती काय करणार आहे ते, आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप दाराच्या दिशेनं पुढे झाले, ते उघडलं तर तिला झेलायला. तेवढ्यात त्यांनी ते हात मागे घेतले. मागे नेऊन पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवले आणि तसेच ठेवले, सगळ्या गल्लीसमोर. आत प्रमिलाबाई टेकल्या. आधी खांदे टेकले, मग पाठ, मग गुडघेदुखीनं जड झालेलं सगळं अंग त्यांनी त्या दारावर सोडून दिलं, आणि डोळे मिटून निवांत उभ्या राहिल्या. पत्रा जरासुद्धा कुरकुरला नाही. पुंडलिकरावांना तिची वेणी दिसत होती, पांढरी झालेली, दाराच्या काचेवर दबलेली. हात सोडावेत असं त्यांना एकदाही वाटलं नाही. बऱ्याच वेळानं आतून, वळून न बघता, ती म्हणाली, "उभे काय राह्यले? चालवा न."